कॅनडाची ज्युनियर हॉकी टीम: वीस सुवर्णपदकं आणि आमच्या घरचं सुतक

बर्फातली_मैना | ३ जानेवारी २०२५, सकाळी ९:४०

आज आमच्याकडे सुतक आहे. चिरंजीव (वय १३) रात्री न जेवता झोपले. सकाळी उठून कॅनडाची लाल जर्सी धुवायच्या कपड्यांत कोंबली आणि "आता ती वर्षभर काढू नकोस" असा हुकूम मला सोडला. नवरा तोंड पाडून बर्फ ओढायला गेलाय. खरं तर बर्फ पडलेलाच नाही.

झालं असं की काल ओटावात वर्ल्ड ज्युनियर्सची उपांत्यपूर्व फेरी होती आणि कॅनडा चेकियाकडून ४-३ हरला. आधी पिछाडीवर, मग तिसऱ्या सत्रात ३-३ अशी बरोबरी, सगळं स्टेडियम उभं. आणि मग आमच्याच पोरांची पेनल्टी. चाळीसेक सेकंद उरले असताना येखो नावाच्या मुलाने पॉवर प्लेवर (म्हणजे पेनल्टीमुळे आमचा एक गडी बाहेर बसलेला असताना) गोल मारला. गेल्या वर्षी गोथेनबर्गमध्येही हीच फेरी, हाच चेकिया, ३-२, आणि तेव्हा तर अवघे ११ सेकंद शिल्लक होते. दोन वर्षं लागोपाठ एकाच दगडाला ठेच!

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (थोडक्यात मला जमत नाही, हे जुने मेंबर जाणतात): ही वीस वर्षांखालच्या मुलांची आइस हॉकीची विश्वस्पर्धा. दहा देश, २६ डिसेंबरला सुरू, ५ जानेवारीच्या आसपास अंतिम सामना. कॅनडात बॉक्सिंग डे म्हणजे दुकानांतले सेल आणि ही स्पर्धा. आम्ही सांगलीहून इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी आम्हाला फराळाला, म्हणजे केक खायला बोलावलं आणि टीव्हीसमोर बसवलं. आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांना प्रत्येक पोराचं नाव, गाव आणि कोणत्या ज्युनियर क्लबात खेळतो ते पाठ. मला वाटलं, नातवंडं असतील. एकही नव्हतं.

आकडे बघाल तर कॅनडाचा दबदबा आहेच. १९७७ पासून अधिकृत स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून २० सुवर्णपदकं. १९९३ ते १९९७ सलग पाच, २००५ ते २००९ पुन्हा सलग पाच. १९९९ ते २०१२ अशी सलग चौदा वर्षं कुठलं ना कुठलं पदक आहेच.

पण सुरुवात अगदीच सुमार होती. सोव्हिएत पोरं पहिली चार वर्षं सलग जिंकली. कॅनडाचं तेव्हा धोरण असं की राष्ट्रीय संघ निवडायचाच नाही, देशातला विजेता ज्युनियर क्लब उचलून पाठवायचा. म्हणजे मुंबईच्या रणजी संघाला भारत म्हणून पाठवण्यासारखं (मुंबईकरांना यात काही वावगं वाटणार नाही, ते सोडा). १९७८ साली मात्र निवडक संघ केला. त्यात सोळा वर्षांचा वेन ग्रेट्झ्की होता, त्याने ६ सामन्यांत १७ गुण (स्वतःचे गोल अधिक दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) मिळवले आणि तरी कांस्यच मिळालं. पुढे परत क्लब पाठवायला लागले: पाचवे, पाचवे, सातवे.

१९८२ ला शहाणपण सुचलं. देशभरातून मुलं निवडून, उन्हाळ्यात शिबिर घेऊन संघ बांधायची योजना सुरू झाली. पहिल्याच वर्षी सोव्हिएत संघाला ७-० धुतलं आणि सुवर्ण घेतलं. ते मिळालं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावात. गंमत म्हणजे आयोजकांकडे कॅनडाच्या राष्ट्रगीताची टेपच नव्हती. मग त्या पोरांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आपलं आपणच गायलं. बेसूर. ते चित्रीकरण अजून दाखवतात आणि शेजारच्या आजींच्या डोळ्यांत अजून पाणी येतं.

तर एवढ्या मोठ्या घराण्याला सलग दोन वर्षं पहिल्या चारांतही जागा मिळू नये, हे १९८१ नंतर पहिल्यांदाच घडलंय. रेडिओवर सकाळपासून सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचं श्राद्ध घालणं चालू आहे. त्याबद्दलच लिहायचं होतं, पण चहा उतू गेला. तुम्ही बोला.

---

अण्णा_डोंबिवलीकर | ३ जानेवारी २०२५, १०:१५

मैनाताई, लेख छान. आमच्यासाठी हॉकी म्हणजे ध्यानचंद, आणि मग धनराज पिल्ले. बर्फावरची हॉकी मी आयुष्यात एकदाच पाहिली, तीही टीव्हीवर, आणि त्यात चेंडू कुठेय ते शेवटपर्यंत दिसलं नाही.

एक भाबडा प्रश्न. आपल्याकडेही एकोणीस वर्षांखालचा क्रिकेट विश्वचषक असतो. कैफ, कोहली, उन्मुक्त चंद, आपल्या विरारचा पृथ्वी शॉ, यश धुल असे पाच कप्तान कप घेऊन आले. पण आपण फायनल असेल तरच बघतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. तिकडे आजीबाईंना सगळी नावं पाठ, हे काय प्रकरण आहे?

---

बर्फातली_मैना | ३ जानेवारी २०२५, १०:५०

अण्णा, चेंडू नाही, पक. काळी रबराची चकती. मलाही पहिली दोन वर्षं दिसली नव्हती. लोक ओरडले की गोल झाला असं समजायचं.

आजीबाईंचं कारण निम्मं टीव्ही आणि निम्मं थंडी. नाताळ झालेला, शाळा बंद, बाहेर उणे पंधरा, मोठ्यांच्या एनएचएल या व्यावसायिक लीगलाही नाताळची सुट्टी. १९९१ मध्ये टीएसएन या क्रीडावाहिनीने ही स्पर्धा घेतली आणि त्यांचं नशीब बघा, त्याच वर्षी सास्काटूनला शेवटच्या दिवशी कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ, २-२, सुवर्णाचा फैसला. पाच मिनिटं उरलेली असताना जॉन स्लेनी या न्यूफाउंडलंडच्या मुलाने निळ्या रेषेवरून फटका मारला आणि गोल. अख्खा देश घरी बसलेला होता. तेव्हापासून सवयच लागली.

स्लेनी पुढे एनएचएलमध्ये आला-गेला, मोठा तारा काही झाला नाही. पण आजही त्याची ओळख तीच, सास्काटूनचा गोल. अठराव्या वर्षी मारलेला.

---

सडेतोड_सदा | ३ जानेवारी २०२५, ११:२०

कॅलगरीहून. मैनाताई, तुम्ही फार मवाळ लिहिलंत. पोरांना दोष देऊ नका हे मान्य, पण निवड करणाऱ्यांना सोडता येत नाही.

या वेळी अख्ख्या स्पर्धेत गोल करायलाच माणूस नव्हता. आणि घरी कोण बसवले? सेनेकी, मिसा, पारेख, याकेमचक. यातल्या कुणी ज्युनियर लीगमध्ये गोलांचा पाऊस पाडलाय, कुणी बचावाच्या जागेवरून आक्रमण उभं करतो. म्हणे आम्हाला "भूमिका निभावणारे" हवेत. अहो, जेवणाला बसल्यावर नुसतं मीठ-लिंबू वाढून कसं चालेल? भाजी कुठाय?

आणि शिस्त शून्य. अख्ख्या स्पर्धेत पेनल्ट्या ओढवून घेतल्या, शेवटचा गोलही पेनल्टीवरच बसला.

प्रशिक्षक डेव्ह कॅमरन. २०२२ ला यांनीच सुवर्ण दिलं, मान्य. पण २०११ ची बफेलोची फायनलही यांचीच! दोन सत्रांनंतर रशियावर ३-० आघाडी. वीस मिनिटं काढायची होती. तिसऱ्या सत्रात रशियाने पाच गोल मारले. ५-३. स्टेडियम अमेरिकेत, पण पुलापलीकडून आलेले कॅनडाचेच लोक आत बसलेले. मी होतो तिथे. नायगाराच्या पुलावर परतताना गाडीत एक शब्द कुणी बोललं नाही. ज्यांना १९८६ चा शारजाचा मियांदादचा षटकार आठवतो त्यांना कळेल.

---

अण्णा_डोंबिवलीकर | ३ जानेवारी २०२५, ११:३२

शारजा कशाला काढलंत हो सकाळी सकाळी. आमचे वडील अजून तो विषय निघाला की पंखा वाढवतात.

---

हेलसिंकीची_हेमा | ३ जानेवारी २०२५, १२:०५

कॅनडावाल्यांचं दुःख वाचून (आमची टीम अजून स्पर्धेत आहे, त्यामुळे) मनापासून सहानुभूती. 😇

फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षा खूप काही नाही. आमची पाच सुवर्णं आहेत: १९८७, १९९८, २०१४, २०१६, २०१९. यातलं २०१६ चं इथेच हेलसिंकीत. लाइने, पुल्युयार्वी, आहो अशी पोरं होती, लोक रस्त्यावर नाचले. आणि पुढच्याच वर्षी काय? साखळीत इतके वाईट हरलो की स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षकाला घरी पाठवलं आणि खालच्या गटात ढकललं जाऊ नये म्हणून लॅटव्हियाशी खेळावं लागलं. एका वर्षात शिखरावरून विहिरीच्या काठावर. दोन वर्षांनी परत सुवर्ण!

ज्युनियर खेळात असंच होतं. संघ दरवर्षी नवा. तुम्ही "कॅनडा" म्हणता ती दरवर्षी वेगळी पोरं असतात. "घराणं" हा शब्दच मला पटला नाही, मैनाताई.

बाय द वे, १९८७ चं आमचं सुवर्ण कसं मिळालं ते कॅनडावाले सांगतील का, की मी सांगू?

---

सडेतोड_सदा | ३ जानेवारी २०२५, १२:२०

सांगा, सांगा. जखमेवर तुमचंच मीठ राहिलं होतं.

---

बर्फातली_मैना | ३ जानेवारी २०२५, १३:१०

मीच सांगते, पोळ्या झाल्या.

४ जानेवारी १९८७, चेकोस्लोव्हाकियातलं पिएश्तानी गाव. शेवटचा साखळी सामना, कॅनडा विरुद्ध सोव्हिएत. तेव्हा बाद फेऱ्या नसायच्या, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. (बाद फेऱ्या १९९६ पासून आल्या.) सोव्हिएत संघ त्या वर्षी आधीच सुवर्णाच्या शर्यतीबाहेर. कॅनडाला कांस्य नक्की होतं आणि पाच गोलांच्या फरकाने जिंकले तर सुवर्ण. दुसऱ्या सत्रात ४-२ आघाडी. सामना पहिल्या मिनिटापासून काठ्या-कोपरांचा चाललेला, नॉर्वेजियन पंचाच्या हाताबाहेर गेलेला. आणि मग एक जोडी भिडली, मग सगळे भिडले, आणि सोव्हिएत बाकावरची पोरं उड्या टाकून मैदानात आली. मागोमाग आमचीही.

पंच निघून गेले. भांडण थांबेना म्हणून आयोजकांनी स्टेडियमचे दिवे घालवले. अंधारातही गुद्दागुद्दी चालूच! दोन्ही संघ स्पर्धेतून बाद. कॅनडाचं हातातलं पदक गेलं आणि सुवर्ण फिनलंडला.

त्या अंधारातली नावं वाचा: एकीकडे थिओ फ्लुरी, ब्रेंडन शानाहन, दुसरीकडे फेदोरोव, मोगिल्नी, कॉन्स्टँटिनोव. पुढच्या दशकात हेच सगळे एनएचएलमध्ये. शानाहन, फेदोरोव आणि कॉन्स्टँटिनोव तर डेट्रॉइटकडून एकाच संघात खेळले आणि १९९७ चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद जिंकले!

आणि पुढचं वर्ष: स्पर्धा मॉस्कोत. कप्तान तोच फ्लुरी. सुवर्ण कॅनडाला.

---

हेलसिंकीची_हेमा | ३ जानेवारी २०२५, १३:१८

थोडक्यात, आम्हाला लोडशेडिंगमध्ये सुवर्ण मिळालं. दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या. (तेव्हा कुणी दिला नव्हता.)

---

खडूस_काका | ३ जानेवारी २०२५, १४:००

दिवा घेतला.

पण मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं टीव्हीसमोर एकमेकांची डोकी फोडतात आणि टोरोंटोच्या एका क्लबमालकाने म्हणे परत आल्यावर त्या मुलांना स्वतःच्या पैशाने सुवर्णपदकं करून दिली. हे वाचलंय, खोटं असेल तर सांगा. आपल्याकडे शाळेच्या कबड्डीत कुणी चावलं तर मास्तर छडी द्यायचे, पदक नाही.

---

बर्फातली_मैना | ३ जानेवारी २०२५, १४:२५

खरं आहे काका. हॅरल्ड बॅलर्ड, टोरोंटो मेपल लीफ्सचे मालक. छडी त्यांनाच द्यायला हवी होती.

---

पाटीलबुवा | ३ जानेवारी २०२५, १५:४०

धागा आवडला, आता जरा आकड्यांना हात घालू. मी व्हँकूवरला, जावई कॅनडियन, त्यामुळे ऐकून ऐकून शिकलोय.

ही स्पर्धा धरायची नाही म्हटलं तर आतापर्यंत ४८ स्पर्धा पूर्ण झाल्या. त्यात कॅनडा २०, सोव्हिएत-रशिया मिळून १३, अमेरिका ६, फिनलंड ५. उरलेल्यांत स्वीडन आणि चेकिया दोन-दोन. २० ला ४८ ने भागा. दर पाच वर्षांतून दोनदा कॅनडा. यावरून "दबदबा" म्हणा हवं तर, पण पाचांतून तीनदा कॅनडा हरतो, हेही तितकंच खरं. हे माझ्या जावयाला पटत नाही. त्याच्या लेखी ही स्पर्धा कॅनडाने जिंकायची असते आणि बाकीच्यांनी कधीकधी चोरायची असते.

शिवाय इथे प्रेक्षक पैसे देऊन स्टेडियम भरतात, म्हणून स्पर्धा इथे किंवा सीमेलगत सारखी होते. घरचं मैदान, घरचं गोंगाटी पब्लिक. याचा फायदा होतो असं सगळे धरून चालतात. २०१९ ला व्हँकूवरमध्ये काय झालं? उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडकडून ओव्हरटाइममध्ये २-१. घरी खेळून पदक नाही, हे तेव्हा पहिल्यांदा झालं. काल दुसऱ्यांदा.

स्वीडनचा किस्सा तर याहून भारी. २००६ च्या शेवटापासून २०२० पर्यंत त्यांनी साखळीतले सलग ५४ सामने जिंकले. चोपन्न! आणि त्या सगळ्या काळात सुवर्ण किती? एक, २०१२ चं.

बाद फेरी म्हणजे एका रात्रीचा खेळ. साठ मिनिटं आणि एक रबराची चकती, जी कुणाच्या स्केटला लागून कुठेही वळते. २००४ ची फायनल आठवा: कॅनडा अमेरिकेवर ३-१ पुढे, मग ३-३, आणि मग गोलरक्षक, म्हणजे गोली मार्क-आंद्रे फ्लुरी (थिओ नव्हे) पक दूर मारायला गेला तो आपल्याच बचावपटूला आपटून आपल्याच जाळ्यात. ४-३. त्याच फ्लुरीने पुढे तीन स्टॅनली कप जिंकले. त्या रात्री कुणी पैज घेतली असती?

---

चिंगी_चिंचवडची | ३ जानेवारी २०२५, १५:५५

"गोली मार्क-आंद्रे" वाचून मी दोन मिनिटं गोळी कुणी मारली शोधत होते 🤦‍♀️

---

रोमातली_रमा | ३ जानेवारी २०२५, १७:३०

एरवी रोमात, म्हणजे नुसती वाचनमात्र असते, पण पाटीलबुवांनी २०१९ काढलं म्हणून लिहिते.

त्या ओव्हरटाइममध्ये कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला होता. एकटा खेळाडू, समोर एकटा गोली. मारला कप्तान माक्सीम कोम्त्वाने. अडला. मग दुसऱ्या एकाची रिकाम्या जाळ्यासमोर काठी मोडली आणि लगेच पलीकडे फिनलंडचा गोल. सामना संपला. रात्रभर कोम्त्वाच्या इन्स्टाग्रामवर लोकांनी इतकं घाण लिहिलं की बातम्या झाल्या. वय १९. नंतर कळलं, तो निखळलेल्या खांद्याने खेळत होता.

माझी मुलगी मॉन्ट्रियलला शिकते. तिच्या वर्गात त्या वर्षी एक मुलगा होता जो ज्युनियर लीगमध्ये खेळायचा. सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावात परक्या कुटुंबात राहायचं (त्याला इथे बिलेट म्हणतात), बसने रात्ररात्र प्रवास करायचा, बसमध्ये होमवर्क करायचा. या लीगमधली साठ संघांतली पोरं, त्यातून वीस-पंचवीस जण या स्पर्धेला जातात. त्यांच्याकडे दहा दिवस असतात, आणि देश त्या दहा दिवसांचं वर्षभर चघळतो. सदाभाऊ, निवडीवर टीका जरूर करा, पण "गोल करायलाच माणूस नव्हता" म्हणता तेव्हा तो "माणूस" गेल्या वर्षी दहावी-बारावीत होता हो.

---

सडेतोड_सदा | ३ जानेवारी २०२५, १८:१०

रमाताई, मुद्दा मान्य. "माणूस" मागे घेतो. निवड समितीबद्दलचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. खरा हुकमी एक्का तर अठराव्या वर्षीच एनएचएलमध्ये आहे. सेलेब्रिनी वयाने अजून ज्युनियर, पण सॅन होजेकडून खेळतोय, तो कसला येतो इथे. म्हणजे कॅनडाचा ज्युनियर संघ हा कॅनडाच्या सर्वोत्तम ज्युनियरांचा संघ नसतोच, क्लबांनी सोडलेल्यांचा असतो. २००५ चा संघ इतका राक्षसी का होता? त्या वर्षी मालक-खेळाडूंच्या वादात एनएचएल बंद होती. क्रॉस्बी, बर्जरॉन, गेट्झलाफ, पेरी, वेबर सगळे मोकळे. फायनलमध्ये रशियाला ६-१.

---

तांबडा_पांढरा | ३ जानेवारी २०२५, १८:४५

लॅटव्हियाबद्दल कुणीच बोललं नाही? २७ तारखेला कॅनडा त्यांच्याकडून शूटआउटमध्ये ३-२ हरला ना. वीस लाखांच्या आतला देश! त्यांच्या गोलीने ५५ फटके अडवले. मी कोल्हापुरात पहाटे उठून हायलाइट्स बघितले. खेळ कळत नाही, पण ते पोरगं ज्या तऱ्हेने आडवं पडत होतं त्याला काय म्हणावं! आमच्या तालमीत असं कुणी चितपट व्हायला नकार दिला की वस्ताद फेटा बांधायचे.

---

बर्फातली_मैना | ३ जानेवारी २०२५, १९:२०

तांबडा_पांढरा, वा! लॅटव्हियाने या स्पर्धेत कॅनडाला हरवायची पहिलीच वेळ. चिरंजीवांनी त्या गोलीचा फोटो भिंतीवर लावलाय. शत्रूचा!

तुमच्यावरून आणखी एक उलटी गोष्ट आठवली. १९९८ ला, सलग पाच सुवर्णांनंतर, कॅनडा आठवा आला होता. सातव्या जागेच्या सामन्यात कझाकस्तानने ६-३ हरवलं. त्या संघात मॅनी मल्होत्रा होता, वडील पंजाबी. दोन वर्षांनी तोच कॅनडाच्या ज्युनियर संघाचा कप्तान झाला. आमच्याकडे पंजाबी समालोचनासह हॉकी लागते ना, तिथे हे नाव अजून आदराने घेतात. मराठी समालोचनाची वाट बघतेय. "आणि पक गेलेली आहे थेट जाळ्याच्या आत" वगैरे.

---

निरीक्षक_नाना | ४ जानेवारी २०२५, ०८:१५

सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून कडू गोळी देतो. या संघाबद्दल बोलायचं आणि २०१८ टाळायचं, हे बरोबर नाही.

२०१८ च्या विजेत्या संघातल्या काही खेळाडूंवर त्या उन्हाळ्यात ओंटारियोतल्या लंडन शहरात एका तरुणीवर सामूहिक लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप आहे. २०२२ मध्ये बाहेर आलं की हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेने तिच्याशी गुपचूप तडजोड केली होती. पुढे असंही उघड झालं की अशा दाव्यांसाठी एक निधी राखून ठेवला होता आणि त्यात देशभरच्या लहान मुलांच्या नोंदणी फीमधला पैसा जायचा. म्हणजे मैनाताई, तुमच्या चिरंजीवांच्या फीमधलाही. संसदेच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या, सरकारने अनुदान रोखलं, प्रायोजक निघून गेले आणि त्या ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी आणि अख्खं संचालक मंडळ पायउतार झालं. पाच जणांवरचा खटला या वसंतात उभा राहायचा आहे, त्यामुळे दोषी-निर्दोष यावर मी बोलत नाही.

पण २०२२ च्या ऑगस्टची एडमंटनची स्पर्धा आठवा. कोविडमुळे डिसेंबरची रद्द होऊन उन्हाळ्यात घेतलेली. फायनलला ओव्हरटाइममध्ये कॅनडाच्या मॅकटॅविशने गोलरेषेवरून हवेतला पक काठीने उडवला आणि काही सेकंदांत पलीकडे केंट जॉन्सनने सुवर्णाचा गोल मारला. या स्पर्धेतल्या सर्वांत थरारक क्षणांपैकी एक, आणि पहिल्या फेऱ्यांना स्टेडियम ओस. लोकांनी नुसत्या उन्हाळ्यामुळे पाठ फिरवली नव्हती.

---

बर्फातली_मैना | ४ जानेवारी २०२५, ०९:३०

नाना, मी मुद्दाम टाळलं नव्हतं, पण लिहिताना मन तिकडे गेलं आणि हात थांबला, हे खरं.

ती बातमी आली तेव्हा चिरंजीव दहा वर्षांचे. पहाटे साडेपाचला त्याला रिंकवर सोडून आम्ही सगळ्या आया गाडीत हीटर लावून बसायचो. त्या आठवड्यात सगळ्यांचे फोनवर तेच वाचणं चाललेलं. एक जण म्हणाली, आपण यांना स्केटिंग शिकवायला आणतो, दुसरं काय शिकतात ते कोण बघतं? त्या वर्षी नोंदणीची फी भरताना पहिल्यांदा मी पावती नीट वाचली. मुलाला काढलं नाही. काढायला हवं होतं का, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

आणि चार महिन्यांनी बेडार्डच्या हॅलिफॅक्सच्या संघासाठी मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. (ती स्पर्धा मुळात रशियात व्हायची होती, युद्धामुळे तिकडून काढली.) सात सामन्यांत २३ गुण त्या सतरा वर्षांच्या पोराचे! फायनलला चेकियालाच ओव्हरटाइममध्ये ३-२. तो राग आणि ते ओरडणं, दोन्ही एकाच बाईचं.

---

खडूस_काका | ४ जानेवारी २०२५, ०९:५५

मैना, प्रामाणिक लिहिलंस. पुढे काही बोलत नाही.

---

हेलसिंकीची_हेमा | ६ जानेवारी २०२५, ११:००

सुतक आता आमच्याकडे. फायनलला अमेरिकेवर ३-१ पुढे होतो. ओव्हरटाइममध्ये ४-३ हरलो. रात्रभर जागून, सकाळी ऑफिसात. सहकाऱ्यांपैकी कुणी काही बोलत नाही, पण फिनिश लोक एरवीही बोलत नाहीत, त्यामुळे फरक कळत नाही.

---

पाटीलबुवा | ६ जानेवारी २०२५, १३:१०

अमेरिकेचं हे सातवं, लागोपाठचं दुसरं. जावई दोन दिवस जेवणाच्या टेबलावर नुसता "हं" म्हणतोय. फिनिश झालाय.

---

निरीक्षक_नाना | २५ जुलै २०२५, ०७:४०

धागा वर आणतोय. काल लंडनच्या खटल्याचा निकाल लागला. पाचही जणांना न्यायाधीशांनी निर्दोष ठरवलं. न्यायालयाबाहेर तक्रारदार तरुणीला पाठिंबा द्यायला आलेल्यांची गर्दी होती. जानेवारीत लिहिलं होतं म्हणून नोंद पुरी करतोय. इथे यावरून हमरीतुमरी नको ही विनंती.

---

रोमातली_रमा | २५ जुलै २०२५, १२:२०

वाचलं. नोंदीबद्दल आभार, नाना.

---

बर्फातली_मैना | १४ डिसेंबर २०२५, २१:०५

मंडळी, बारा दिवस राहिले. यंदा मिनेसोटात आहे, म्हणजे ४३ वर्षांपूर्वी टेप मिळाली नव्हती त्याच राज्यात. आजी म्हणाल्या, या खेपेला टेप घरून न्यायला सांगा.

चिरंजीव १४ चे झालेत, आवाज फुटलाय. जर्सी मीच कपाटातून काढली, खांद्यात घट्ट झालीय. पण मूळ बातमी वेगळीच. त्या लॅटव्हियाच्या पोराचा फोटो भिंतीवरून उतरलाच नाही आणि आता साहेबांना गोली व्हायचंय. पायाचे पॅड, ब्लॉकर, कॅचर, मास्क. किमती बघून नवरा पुन्हा बर्फ ओढायला गेला. या वेळी बर्फ आहे.

---

सडेतोड_सदा | १४ डिसेंबर २०२५, २१:३०

नवे अजिबात घेऊ नका! वाढत्या वयात दोन हंगामांत पॅड तोकडे होतात. माझ्या पुतण्याचे कॅलगरीत पडून आहेत, उंची सांगा. वास येतो, पण तो कुठल्याही हॉकीच्या बॅगेला येतोच. गॅरेजमध्ये ठेवायचं.